अण्णांचे मेसेज आणि सूनबाईंची कोंडी

प्रश्नाचा सारांश: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी औषधांचे दुकान चालवणाऱ्या 46 वर्षांच्या एका भगिनीचे हे पत्र आहे. त्यांचे सासरे निवृत्त मुख्याध्यापक असून घरात आणि कॉलनीत सगळेच त्यांना अण्णा म्हणतात. एप्रिल 2021 मध्ये, कापूर, ओवा आणि लवंग यांची पुरचुंडी हुंगल्याने ऑक्सिजन वाढतो, असा मेसेज अण्णांनी घरच्या ग्रुपवर टाकला. त्यांच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे पत्रलेखिकेच्या आतेसासूबाईंनी, तो उपाय करत चार दिवस घरीच काढले. रुग्णालयात नेल्यावर दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. त्यावर घरात आजवर कोणी अवाक्षर काढलेले नाही. अण्णा अजूनही उशाशी तशीच पुरचुंडी ठेवून झोपतात. जानेवारी 2025 मध्ये एचएमपीव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूच्या बातम्या सुरू झाल्या तेव्हा कॉलनीच्या ग्रुपवर त्यांचे मेसेज पुन्हा सुरू झाले आणि ते दाखवत गिऱ्हाईक दुकानात येऊ लागले. आता कॉलनीने साथीच्या तयारीसाठी समिती नेमून या भगिनीला तिचे प्रमुख केले आहे. त्या विचारतात, “अण्णांना सर्वांसमोर खोटे पाडू की ग्रुपमधून बाहेर पडू? शिकलेसवरलेले लोक असे वागणार असतील तर समिती नेमून तरी काय उपयोग?”

उत्तर:

तुमच्या पत्रात विचारलेले प्रश्न दोन आहेत आणि न विचारलेला तिसरा प्रश्न त्या दोहोंच्या मध्ये बसून आहे. आत्यांच्या मृत्यूला अण्णांचा मेसेज जबाबदार होता का, हा तो प्रश्न. तो बाजूला ठेवून पहिल्या दोहोंची उत्तरे दिली तर ती पोकळ होतील, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

त्या पुरचुंडीने काय होते ते तुम्ही औषधनिर्माणशास्त्र शिकलेल्या असल्याने जाणताच, पण इतर वाचकांसाठी सांगते. कापराच्या वासाने नाकात गारवा जाणवतो आणि श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो; रक्तातला ऑक्सिजन मात्र त्याने वाढत नाही. एरवी हा भास निरुपद्रवी असतो. सर्दीत आपण सगळ्यांनीच तो अनुभवलेला आहे. कोविडमध्ये मात्र एक विचित्र गोष्ट घडत होती. कित्येक रुग्णांचा ऑक्सिजन खाली गेलेला असूनही त्यांना धाप लागत नसे. ते बसून बोलत, चहा पीत, मुलांना फोन करत. ज्या आजारात आधीच धोक्याची जाणीव बोथट होते, त्यात ‘बरे वाटते आहे’ असे वाटायला लावणारा उपाय हाती आला की दवाखान्यात जाण्याचा क्षण पुढे सरकतो. पुरचुंडीने विषबाधा व्हावी लागत नाही, वेळ गेला तरी पुरे असते.

तेव्हा त्या मेसेजने नुकसान केले असण्याची शक्यता मी नाकारत नाही. पण ते चार दिवस नीट आठवून पाहा. एप्रिल 2021 च्या मध्यावर राज्यात एका दिवसात 68 हजारांहून अधिक रुग्णांची नोंद होत होती. खाटेसाठी ओळखीपाळखीचे फोन चालले होते, आणि रुग्णालयात गेलेला माणूस परत दिसत नाही ही भीती प्रत्येक घरात होती. आत्या घरी राहिल्या त्या केवळ पुरचुंडीवरच्या विश्वासाने, की रुग्णालयाच्या भीतीला पुरचुंडीने एक सोयीचे कारण पुरवले? यातले किती कशामुळे हे आता कोणालाच वेगळे काढता येणार नाही. तुम्ही मनातल्या मनात अण्णांवर एक निकाल लिहून ठेवला आहे असे पत्रावरून जाणवते. मला शंका आहे की अण्णांनीही स्वतःविरुद्ध तोच निकाल कधीच लिहिलेला असावा. उशाशी पुरचुंडी ठेवणाऱ्या माणसाचा त्या उपायावर गाढ विश्वास असेलही. पण तो उपाय खोटा होता हे मान्य करणे म्हणजे बहिणीबद्दलचे काय मान्य करणे आहे, हे त्यांना कळत असेल म्हणूनही ती तिथे असू शकेल.

आता तुमचे गृहीतक. शिकलेसवरलेले लोक असे वागतात याचे तुम्हाला आश्चर्य वाटते. मला वाटत नाही, आणि त्याचे कारण मी स्वतः आहे. मार्च 2020 मध्ये, जनता कर्फ्यूच्या आदल्या दिवशी, विषाणू बारा तास जगतो आणि कर्फ्यू चौदा तासांचा आहे, त्यामुळे साखळी आपोआप तुटेल, असा मेसेज मी तीन ग्रुपवर टाकला होता. हिशेब इतका नीट जुळत होता की तपासावासा वाटलाच नाही. तीन दिवसांनी देशभर टाळेबंदी लागली तेव्हा तो मेसेज मी गुपचूप पुसायला गेले, तर पुसण्याची मुदत टळून गेलेली होती.

तुमच्या काउंटरचेही तेच. रागावू नका, पण त्या वर्षी आयव्हरमेक्टिन, डॉक्सिसायक्लिन, झिंक आणि क जीवनसत्त्वाच्या किती पट्ट्या तुमच्या दुकानातून गेल्या? त्यांतल्या बहुतेक डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गेल्या असतील आणि चिठ्ठ्या त्या वेळच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांना धरून असतील. त्यांतली कित्येक औषधे केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने 2021 च्या मध्यावर सौम्य रुग्णांच्या उपचारांतून काढून टाकली. प्लाझ्मा उपचाराने मृत्यू टळत नाहीत हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या स्वतःच्या चाचणीत 2020 मध्येच दिसले होते. तरी तो अधिकृत सूचनांतून वगळला गेला 17 मे 2021 रोजी, आणि तोवर लोक प्लाझ्मादाते शोधत वणवण फिरत होते. जागतिक आरोग्य संघटनेने रेमडेसिविर वापरू नये असे नोव्हेंबर 2020 मध्ये सांगितले, आणि पाच महिन्यांनी आपल्याकडे त्याच इंजेक्शनसाठी रात्र-रात्र रांगा लागल्या व काळाबाजार झाला. मास्कचे पाहा. मार्च 2020 मध्ये निरोगी माणसाला मास्कची गरज नाही असे सांगितले जात होते आणि 8 एप्रिलला मुंबई महापालिकेने घराबाहेर तो सक्तीचा केला.

यावरून सगळे सारखेच खोटे असा अर्थ मात्र काढू नका. अधिकृत सल्ला चुकला तेव्हा तो उशिरा का होईना, पुराव्याने बदलला. फॉरवर्ड केलेला मेसेज कधीच बदलत नाही, तो 2021 मध्ये होता तसाच 2025 मध्ये येतो. फरक आहे तो इथे. पण हा बदल लोकांना नीट समजावून सांगितला गेला नाही. कालचे आज फिरवले एवढेच त्यांच्या लक्षात राहिले, आणि अण्णांच्या पिढीच्या शिक्षकाला, ज्याने तीस वर्षे एकच उत्तर बरोबर म्हणून शिकवले, ही धरसोड खोटेपणासारखी वाटली तर त्यात नवल नाही.

हे आपल्याकडे पहिल्यांदा घडते आहे असेही नाही. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि पुढच्याच महिन्यात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. रुग्णालयात नेऊन माणसांना मारतात आणि त्यांच्या शरीरातून मोमियाई नावाचे औषध काढतात, अशी अफवा त्या काळी पसरली होती. अफवा भयंकर होती, पण तिच्या मुळाशी असलेला अनुभव खोटा नव्हता: माणसाला घरातून ओढून नेत होते आणि पुढे त्याचे काय झाले ते घरच्यांना कळत नव्हते. त्याच प्लेगात पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करत होत्या आणि 10 मार्च 1897 रोजी त्यानेच गेल्या. ज्या वस्तीत सरकारी माणूस शिरला की दारे बंद होत, तिथे ओळखीच्या बाईसाठी ती उघडत असणार असे मला वाटते. माहिती कोणती यापेक्षा ती कोणाच्या तोंडून येते याला आपल्याकडे कायमच जास्त वजन राहिले आहे.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर यातूनच निघते. कॉलनीच्या ग्रुपवर अण्णांना खोटे पाडू नका. तुमचे म्हणणे बरोबर ठरेल आणि अण्णा गप्प बसतील. मग मेसेज येतील ते तुम्ही नसलेल्या ग्रुपवर. शिवाय सुनेने सासऱ्यांना चारचौघांत टोकले एवढीच बातमी कॉलनीत उरेल आणि मूळ विषय कोणाला आठवणारही नाही. ग्रुपमधूनही बाहेर पडू नका. तिथे औषधांतले कळणारी बहुधा तुम्ही एकट्याच आहात, आणि समितीच्या प्रमुखांना लोकांच्या कानावर काय पडते आहे हे कळण्याची सोय तीच आहे.

अण्णांशी बोला ते घरी, यजमान सोबत असताना, आणि आत्यांचा विषय पुरावा म्हणून न वापरता. “अण्णा, तुमचा कालचा मेसेज आज दुकानात तिघांनी दाखवला. तुमच्याकडून आला म्हणून त्यांनी तो खरा धरला. औषधाचे काही असेल तर टाकण्याआधी मला एकदा दाखवाल का?” एवढेच म्हणा. यात आरोप नाही, आणि जे म्हटले आहे ते शब्दशः खरे आहे: त्यांच्या शब्दाला गावात किंमत आहे, म्हणूनच तो जपून वापरायला हवा. पहिल्या वेळी ते उखडतील. आठवड्याभराने एखादा मेसेज दाखवायला येतील तेव्हा हातातले काम बाजूला ठेवून तो पूर्ण वाचा आणि त्यात खरे असेल ते आधी सांगा.

त्याहून चांगले म्हणजे त्यांना काम द्या. मुख्याध्यापकाची नजर अशी वाया घालवू नका. मेसेजवर तारीख आहे का, सांगणाऱ्याचे नाव खरोखर शोधता येते का, वर दुहेरी बाण, म्हणजे अनेकदा फॉरवर्ड झाल्याची खूण, आहे का, हे लाल पेनाने वह्या तपासल्यासारखे तपासायला त्यांना शिकवा. लस घेतलेले सगळे दोन वर्षांत मरतील असे नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाने म्हटल्याचा मेसेज मे 2021 मध्ये फिरला होता. शास्त्रज्ञ खरे, नोबेल खरे, पण ते विधान त्यांनी केलेलेच नव्हते. असा एक नमुना अण्णांनी स्वतः उलगडला की पुढचे दहा ते आपणहून पकडतील.

प्रत्येक मेसेजमागे धावण्याची मात्र गरज नाही. हळदीचे दूध, तुळशीचा काढा, मिठाच्या गुळण्या यांवर तुम्ही रोज वाद घालत बसलात तर महत्त्वाच्या वेळी तुमचे कोणी ऐकणार नाही. मेसेज आला की स्वतःला विचारा, याने कोणी दवाखान्यात जायला उशीर करेल का? चालू औषध बंद करेल का? उत्तर ‘हो’ असेल तर तासाभराच्या आत लिहा, आणि चार ओळींच्या वर लिहू नका. मूळ मेसेजचा फोटो पुन्हा टाकू नका, कारण घाईत वाचणारा फक्त फोटोच वाचतो. काय करू नये यापेक्षा काय करावे ते आधी लिहा, आणि शक्य असेल तर तेच तुमच्या आवाजात बोलून पाठवा. कॉलनीतल्या निम्म्या आज्यांचा चष्मा वेळेवर सापडत नसतो. पुण्यात बनलेल्या कोविशील्ड लशीच्या एका अत्यंत विरळ दुष्परिणामाची, रक्ताच्या गाठींची, चर्चा 2024 मध्ये पुन्हा उसळली, तेव्हा ‘सगळे खोटे आहे’ म्हणणाऱ्यांनी आपलाच विश्वास घालवला. तो दुष्परिणाम खरा होता, अतिशय विरळ होता, आणि 2021 पासून माहीत होता, असे सरळ सांगणे जास्त उपयोगाचे ठरले असते. आणि एखादी गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल तर “उद्या विचारून सांगते” असे लिहा आणि उद्या खरोखर सांगा.

एका प्रकारच्या मेसेजला मात्र ही सगळी सबुरी लागू नाही. कोणा माणसांकडे बोट दाखवणारा मेसेज दिसला, तर त्याच क्षणी, सर्वांसमोर, नाव न घेता पण स्पष्ट शब्दांत थांबवा, मग तो अण्णांनी टाकलेला का असेना. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून भटक्या समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारले, आणि त्याच्यामागे अशाच अफवा होत्या. 2020 च्या एप्रिलमध्ये भाजीवाल्याचा धर्म विचारून त्याला गल्लीत येऊ न देणारे मेसेज आपण सर्वांनी पाहिले आहेत. तिथे गप्प राहणे सोयीचे असते, पण ते त्या मेसेजच्या बाजूने पडते.

आता समितीविषयी. तुमच्या पत्रासोबतच्या यादीत मास्कचे खोके, सॅनिटायझरचे कॅन, दोन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि वर्गणीचा आकडा आहे. ही तयारी मागच्या लढाईची आहे. जानेवारी 2025 मध्ये सगळा महाराष्ट्र एचएमपीव्हीच्या मेसेजमुळे मास्कची चौकशी करत होता. वास्तविक तो विषाणू 2001 मध्येच नेदरलँड्समध्ये ओळखला गेला आहे आणि लहान मुलांच्या सर्दी-खोकल्यात नेहमी सापडतो. नेमके त्याच महिन्यात पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियां-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, आणि तिथे संशय होता पाण्यावर. हातापायांना मुंग्या, चालताना पाय लटपटणे, जिना चढता न येणे, ही त्याची लक्षणे. मास्कचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. म्हणून समितीच्या पहिल्या बैठकीत पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली, हा प्रश्न घ्या. कंटाळवाणा आहे, पण कॉन्सन्ट्रेटरपेक्षा स्वस्त आहे.

खरी तयारी शांततेच्या दिवसांत होते. नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यात जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी जिल्हा रुग्णालयात ऑक्सिजननिर्मितीचा पहिला प्रकल्प 2020 मध्येच, दुसऱ्या लाटेची चाहूलही नव्हती तेव्हा, उभा केला. एप्रिल 2021 मध्ये मोठी शहरे सिलिंडरसाठी धावत असताना शेजारच्या राज्यांतले रुग्ण तिथे येत होते. कॉलनीच्या पातळीवर याचा अर्थ इतकाच, की घाबरल्यावर जे निर्णय घ्यावे लागतात ते न घाबरता आधीच घेऊन ठेवायचे. प्रत्येक घराच्या दारामागे एक कागद लावा. त्यावर घरातल्या माणसांची चालू औषधे, रुग्णालयाचा आणि रात्री गाडी काढणाऱ्या शेजाऱ्याचा नंबर, 108, आणि शिधापत्रिका व विमा योजनेची कागदपत्रे कुठे ठेवली आहेत ते लिहा. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी करा आणि प्रत्येकामागे एक नाव लावा. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइडच्या गोळ्या महिनाभराच्या शिल्लक राहतील असे पाहा, पण प्रतिजैविकांची साठेबाजी तुमच्याच दुकानातून होऊ देऊ नका. 1994 मध्ये सुरतेत प्लेगची बातमी येताच टेट्रासायक्लिन दुकानांतून पाहता पाहता संपले आणि लाखो लोकांनी शहर सोडले; मृत्यू पन्नासच्या आसपास झाले.

त्या कागदावर एक ओळ मोकळी ठेवा: “दवाखान्यात कधी जायचे?” कोविडमध्ये तिथे ऑक्सिजन 94 च्या खाली गेला तर, असे लिहिता आले असते. पुढच्या साथीत तो आकडा नसेल, दुसरेच काही लक्षण असेल. साथ आली की तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून ती ओळ भरायची, आशाताईंना सोबत घेऊन घरोघरी तीच लिहायची, आणि त्यानंतर ग्रुपवर काहीही येवो, त्या ओळीवर वाद घालायचा नाही. आत्यांच्या घरात ती ओळ नव्हती. कोणाच्याच घरात नव्हती. हे काम समितीचे आहे, आणि ‘समितीचा काय उपयोग’ या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे याहून वेगळे उत्तर नाही. हे कागद लिहिण्याचे काम अण्णांना सांगा. अक्षर त्यांचे असेल तर लोक तो कागद फाडणार नाहीत.

आत्यांविषयी तुम्ही बोलावे का? बोलावे, पण या वादाच्या ओघात नको, आणि शक्य असेल तर सुरुवात यजमानांनी करावी. आत्यांच्या वर्षश्राद्धाला किंवा सहज कधी अण्णा स्वतःच त्यांची आठवण काढतील, तेव्हा “त्या दिवसांत आपल्या कोणालाच काही सुचत नव्हते” एवढे म्हणून थांबा. पुढचे त्यांना बोलायचे असेल तर ते बोलतील. नाही बोलले तर पुन्हा विचारू नका.

आणि ती पुरचुंडी उशाशी आहे तशीच राहू द्या, मात्र नातवंडांच्या हाती कापूर लागणार नाही असे पाहा, कारण लहान मुलाच्या पोटात तो गेला तर विषबाधा होते. तिच्या शेजारी 2021 मध्ये घेतलेला ऑक्सिमीटर ठेवा. तो आता कुठल्या तरी खणात पडून असेल आणि आतले सेल पाझरून त्यांवर पांढरी-हिरवी भुकटी चढली असेल. ती पुसून, नवे सेल घालून, अण्णांच्या बोटाला लावून एकदा चालतो का ते पाहा.